डॅबनीचा सहावा चमचा

“लिही, जिनी,” माझा भाऊ म्हणाला. “कर्नल थॅडियस बर्गिन. केंटकी राज्यातला सर्वांत तीक्ष्ण नजरेचा गुप्तहेर. ओहायो नदीच्या दक्षिणेला त्याच्या तोडीचा माणूस नाही, आणि उत्तरेला असलाच तर तो अजून पुढे आलेला नाही. बूट पाहून तो माणसाचं गाव ओळखतो, टोपी पाहून स्वभाव ओळखतो, आणि नुसता खोकला ऐकून काल रात्री काय जेवलात ते सांगतो. गुन्हेगार त्याचं नाव ऐकून...”

“थॅड, तुझा चष्मा कपाळावर आहे,” मी म्हणाले. गेली वीस मिनिटं तो चष्मा शोधत होता आणि शोधता शोधताच हा मजकूर सांगत होता.

“ते मला ठाऊक होतं. तुझी परीक्षा घेत होतो. लिही पुढे.”

मी इमोजीन, थॅडची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून मी त्याच्याकडे राहते, त्याचा स्वयंपाक करते, त्याच्या वह्या लिहिते आणि त्याची गाडी चालवते. गाडी मी चालवते याचं कारण असं की थॅडला रस्त्यात पुरावे दिसतात, आणि पुरावा दिसला की त्याला रस्ता दिसत नाही. कर्नलकीचं म्हणाल तर आमच्याकडे गव्हर्नरसाहेब खुशीत आले की कोणालाही कर्नल करून टाकतात. आमच्या एवढ्याशा पेंटर्स फोर्ड गावात चौदा कर्नल आहेत. त्यांतल्या एकानेच आयुष्यात बंदूक उडवली, ती सशावर, आणि तो ससा अजून आमच्या परसात येतो. थॅड पूर्वी विमा कंपनीत होता. गारपीट झाली की तंबाखूच्या कोठारांचं किती नुकसान झालं ते बघत हिंडायचा. निवृत्त झाल्यावर त्याने दारावर गुप्तहेराची पाटी लावली, आणि तीन वर्षांत चार प्रकरणं हाताळली. त्यांतलं एक मांजर आपणहून घरी परत आलं. बाकीची तीन अजून चालू आहेत.

पाचवं प्रकरण सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी आमच्या दारात येऊन उभं राहिलं. टोपी हातात, कमरेत किंचित वाकलेलं, आणि चेहरा असा की घरात कोणी गेलं असावं. हे युस्टेस प्रॅदर. जन्मभर बी-बियाण्यांचं दुकान चालवलं, आता वय शहात्तर, बायको जाऊन सोळा वर्षं झालेली.

“कर्नलसाहेब,” ते म्हणाले, “माझा डॅबनी गेला.”

“कधी गेला? काही आजारी वगैरे होता का?” थॅडने टोपी काढून छातीशी धरली.

“अरे, चमचा गेला त्यांचा,” मी म्हणाले.

आमच्या गावात काही लोकांना नाण्यांच्या चांदीचं वेड आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घरात चार चांदीची नाणी जमली की लोक ती सोनाराकडे न्यायचे. तो ती वितळवून चमचे घडवायचा, दांड्यावर मालकाची आद्याक्षरं कोरायचा आणि पाठीवर आपलं नाव ठोकायचा. नाणं चोरीला गेलं तर ओळखता येत नाही, चमचा ओळखता येतो, एवढा साधा हिशोब. ते चमचे गोळा करणाऱ्यांचं मंडळ आहे, अकरा सभासदांचं. कोणाकडे साखरेचे चिमटे, कोणाकडे मोहरीचे इवलेसे चमचे, कोणाकडे सरबताचा खोलगट डाव. यांना कोणाहीकडे जेवायला बोलवा, आधी चमचा उलटा करून पाठ वाचतात आणि मगच सूप पितात. सूप कसं झालं होतं म्हणून नंतर विचाराल तर सांगता येणार नाही.

या मंडळाचं दैवत म्हणजे आमच्याच गावचा सोनार, इ. डॅबनी. त्याने १८३४ साली एका लग्नासाठी वाढण्याचे सहा मोठे चमचे केले होते. ते कुठे कुठे पांगले. त्यांतले पाच मिस कॉर्नेलिया यॅन्सी यांनी वीस वर्षं खपून जमवले. मिस कॉर्नेलिया गावच्या शाळेत लॅटिन शिकवायच्या. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही, आणि पाठीचा कणा असा की खुर्चीला पाठ असते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसावं. सहावा चमचा पंधरा वर्षांपूर्वी एका लिलावात निघाला, आणि मिस कॉर्नेलियांना त्या दिवशी नेमका ताप होता. तो मिस्टर प्रॅदर यांनी घेतला.

मिस कॉर्नेलियांनी तो मागितला. मिस्टर प्रॅदर नाही म्हणाले. त्यांनी उलट पाच मागितले. त्या नाही म्हणाल्या. शेवटी असं ठरलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्टर प्रॅदर यांनी आपला चमचा घेऊन त्यांच्याकडे दुपारी जेवायला यायचं. सहाही चमचे टेबलावर ओळीने मांडायचे, त्याच चमच्यांनी वाढायचं, जेवायचं, आणि मग यांनी आपला चमचा फ्लॅनेलच्या मऊ कापडात गुंडाळून, कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी जायचं. पंधरा वर्षांत एकही रविवार चुकला नाही. गावात सगळे म्हणायचे, काय हट्टी म्हातारी माणसं आहेत. मीही म्हणायचे.

“येत्या रविवारी पहिला रविवार आहे,” मिस्टर प्रॅदर खुर्चीत बसत म्हणाले. “चमच्याशिवाय मी त्यांच्या दारात कसा जाऊ?”

मला वाईट वाटलं. थॅडला मात्र उकळ्या फुटत होत्या. त्याने भिंग काढलं.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. हकीगत साधी होती. आदल्या दिवशी, रविवारी, चर्चच्या सभागृहात सगळ्या गावाचं जेवण होतं. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून न्यायचा असतो. मिस्टर प्रॅदर यांची कंबर धरली होती म्हणून ते गेले नाहीत. ओहायोहून आलेली त्यांची मुलगी लोरी त्यांच्या वतीने गेली आणि जेवण आटोपून तिथूनच परत आपल्या घरी निघून गेली. पहिला रविवार आठवड्यावर आला म्हणून यांनी सकाळी चमचा पुसायला काढला होता. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर फ्लॅनेलवर ठेवला, जरा टेकले, आणि साडेअकराला त्यांचा डोळा लागला. तीनला जाग आली तेव्हा फ्लॅनेल होतं, चमचा नव्हता. टेबलावर रुमालाने झाकलेलं एक ताट होतं.

“ताट कोणाचं?” थॅडने विचारलं.

“मिस कॉर्नेलियांनी आणून ठेवलं. जेवणातलं थोडं थोडं सगळं वाढून आणलं होतं. मी झोपलो होतो म्हणून उठवलं नाही, चिठ्ठी ठेवून गेल्या.”

“अस्सं!” थॅड म्हणाला. हा शब्द तो फार सांभाळून वापरतो, दिवसातून वीसच वेळा. “आणि दाराला कुलूप?”

“कुलूप कशाला लावू? शेजारचे विचारायला येतील, काय झालं म्हणून.”

मग थॅडला टेबलावर पांढरी पूड सापडली. त्याने ती बोटावर घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि मी हां हां म्हणेपर्यंत चाटली.

“सोमल!” तो ओरडला. “जिनी, लिही. घरमालकाला विष घालून झोपवण्यात आलं!”

“ती चमचा पुसायची खडूची पूड आहे,” मिस्टर प्रॅदर हळूच म्हणाले.

“खडूच्या चवीचा सोमल असतो,” थॅड म्हणाला. पण नंतर त्याने तीन पेले पाणी प्यायलं.

त्याने मुलीलाही फोन लावला. तपासात काही राहायला नको, असं त्याचं म्हणणं. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे सगळं संभाषण माझ्या वहीत आहे.

“बाई, काल सकाळी तुमच्या वडिलांच्या घरात काही संशयास्पद आवाज ऐकलात?”

“बाबा घोरत होते.”

“कोणी अनोळखी माणूस घरात शिरताना पाहिलात?”

“नाही हो. का, काय झालं?”

“प्रश्न मी विचारतो. आभारी आहे.” आणि त्याने फोन ठेवून दिला. “हिच्याकडे काही माहिती नाही. हिला चांदीतलं ओ की ठो कळत नाही, बापाच्या संग्रहाला ‘बाबांचं भंगार’ म्हणते. नाव खोडून टाक.”

मी खोडलं.

मंगळवारी थॅडने कावळ्याचा सिद्धान्त मांडला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, चकाकती वस्तू दिसली की कावळा झडप घालतो, सबब चोर पंख असलेला आहे. हे सिद्ध करायला त्याने माझ्या लग्नातला मोठा चमचा, चांदीचा मुलामा दिलेला का होईना पण माझा, मिस्टर प्रॅदर यांच्या हिरवळीवर ठेवला आणि आम्ही दोघं झुडपामागे बसलो. तब्बल चार तास. कावळे आले, त्यांनी चमच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गेले. मग थॅडला डुलकी लागली. तेवढ्यात कुंपणाखालून मांजराएवढा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला एक रकून आला, त्याने माझा चमचा दोन्ही हातांनी उचलला, उलटा करून पाहिला आणि घेऊन गेला. मंडळाचा बारावा सभासद म्हणायला हरकत नाही.

“आता दोन चमचे गेले,” मी थॅडला हलवून सांगितलं.

“म्हणजे टोळी आहे,” तो म्हणाला.

बुधवारी प्रकरणाने वाईट वळण घेतलं, आणि त्यात माझाही थोडा दोष आहे. मी त्याला तेव्हाच दटावायला हवं होतं. झालं असं की थॅडने कुठून तरी ऐकलं की जुन्या चमच्यांची टोकं एका बाजूने झिजतात. उजव्या हाताने वापरला तर एका बाजूने, डावऱ्याने वापरला तर दुसऱ्या. तेवढ्यावरून त्याचं डोकं चालू लागलं. रुमाल झाकलेलं ते ताट टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवलं होतं. म्हणजे ठेवणारा डावरा. ताट ठेवलं डाव्या हाताने, चमचा उचलला उजव्याने. मंडळाच्या अकराही सभासदांकडे जाऊन त्याने “तुमची सही हवी आहे, चाहता आहे” असं सांगून सह्या घेतल्या. अकरात डावरं एकच माणूस निघालं.

“मिस कॉर्नेलिया यॅन्सी,” थॅड गाडीत बसत म्हणाला. “पाच चमचे आहेत. सहावा हवा आहे. पंधरा वर्षं हवा आहे. घरात एकटी गेली. घरमालक झोपलेला. यापेक्षा सरळ प्रकरण मी आजवर पाहिलेलं नाही.”

“थॅड, त्या बाईने तुला लॅटिन शिकवलं आहे.”

“आणि दोनदा नापास केलं आहे. पण मी ते मनात ठेवलेलं नाही.”

“त्या चोरी करतील?”

“संग्राहक माणूस, जिनी! एरवी देवमाणूस असतो. सहातला सहावा दिसला की तो कोणाचाच नसतो.”

हेच त्याने मिस्टर प्रॅदर यांच्याही डोक्यात भरवलं. ते आधी ऐकेनात. मग ऐकायला लागले. माणूस तीन रात्री झोपला नाही की त्याला काहीही पटतं. “फक्त एक प्रश्न विचारा,” थॅड त्यांच्या मागे लागला. “एकच. उत्तर देताना मी त्यांच्या भुवया बघतो. बाकीचं माझ्यावर सोडा.”

गुरुवारी दुपारी मी त्या दोघांना मिस कॉर्नेलियांच्या घरी घेऊन गेले. त्या पुढच्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मिस्टर प्रॅदर यांना पाहून त्यांचा चेहरा खुलला, तो मी स्वतः पाहिला.

“या ना. कंबर कशी आहे? रविवारी हॅम करू का कोंबडी, तेच विचारणार होते तुम्हाला.”

मिस्टर प्रॅदर पायरीवरच उभे राहिले. टोपी हातात फिरवत म्हणाले, “मिस कॉर्नेलिया, तुम्ही ताट ठेवायला आलात तेव्हा... चमचा टेबलावर होता का?”

एवढंच विचारलं त्यांनी. पण मागे थॅड भिंग घेऊन उभा होता, भुवया बघायला.

मिस कॉर्नेलियांनी हातातली शेंग टोपलीत ठेवली. थॅडकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. “मिस्टर प्रॅदर,” त्या म्हणाल्या, “पंधरा वर्षं तुम्ही माझ्या टेबलाशी जेवलात. हा प्रश्न तुम्हाला पडला, यातच मला उत्तर मिळालं.” त्या आत गेल्या. दार आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

तासाभराने त्यांनी मला फोन करून बोलावलं आणि एक फ्लॅनेलची गुंडाळी हातात दिली. सहा खिसे शिवलेली. पाचांत चमचे होते. “हे त्यांना नेऊन द्या,” त्या म्हणाल्या. “सहावा चमचा मिळवायला मी चोरी करेन असं वाटत असेल तर पाचही त्यांच्याकडेच असू देत. मला डोळ्यासमोर नकोत.” त्यांचे डोळे लाल होते. त्या स्त्रीला मी शाळेत असल्यापासून ओळखते; डोळे लाल झालेले कधी पाहिले नव्हते. मला थॅडचा असा राग आला की परत येताना मी मुद्दाम प्रत्येक खड्ड्यातून गाडी घातली, तो गाडीत नसतानाही.

घरी येऊन मी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हात चोळले.

“कबुली!” तो म्हणाला. “अपराधाचं ओझं सहन झालं नाही. पाच परत केले, आता सहावा कुठे लपवलाय एवढंच शोधायचं. शनिवारी चर्चच्या सभागृहात मंडळाची सभा बोलव. मी सगळ्यांसमोर उलगडा करणार.”

“थॅड, त्या दोघांचं तू वाटोळं केलंस.”

“सत्य कडू असतं, जिनी. लिही ते.”

मी नाही लिहिलं.

मिस्टर प्रॅदर यांना गुंडाळी नेऊन दिली तेव्हा त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. दारातच धरून उभे राहिले. “पाचही पाठवले?” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे आता यायचं नाही.” शेजारच्या पडवीत दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. शुक्रवारी गावभर झालं की मिस यॅन्सींनी चमचा लाटला. दुकानात त्यांना पाहून लोक बोलायचे थांबत होते.

शनिवारी तीन वाजता सभा भरली. मला वाटलं होतं मिस कॉर्नेलिया येणार नाहीत. त्या आल्या, आणि पहिल्याच रांगेत खुर्चीला पाठ न लावता बसल्या. मिस्टर प्रॅदर दुसऱ्या टोकाला, मांडीवर ती गुंडाळी. सभागृहाच्या पाठीमागे चर्चचं स्वयंपाकघर आहे. तिथे ओपल स्टिडम भांडी आवरत होती. चर्चचं स्वयंपाकघर तीस वर्षं ओपलच्या ताब्यात आहे आणि पाद्रीसाहेबसुद्धा तिला विचारून पाणी पितात.

थॅड उभा राहिला. घसा खाकरला.

“सभ्य स्त्री-पुरुष हो! या गावात एक चमचा होता. तो आता नाही. प्रश्न पडतो, का नाही?”

“चोरीला गेला म्हणून,” मागून कोणीतरी म्हणालं.

“बरोबर! पण चोर कोण? प्रथम मला टोळीचा संशय आला. मग कावळ्याचा. मग रकूनचा, पण त्याच्यावर फक्त एकच गुन्हा शाबित झाला. माझ्या बुद्धीने एकेक दार बंद करत नेलं, आणि शेवटी एकच दार उरलं. त्या दारातून आत गेलेली व्यक्ती डावरी आहे. तिच्याकडे पाच चमचे होते. आणि ती व्यक्ती...”

“थांबा,” मिस्टर प्रॅदर म्हणाले.

ते उठायला लागले, कंबरेमुळे त्यांना वेळ लागला, पण उठले. “कर्नलसाहेब, बसा खाली. मी तपास मागे घेतो. चमचा सापडला नाही तरी चालेल मला. कधीच सापडला नाही तरी चालेल.” मग ते मिस कॉर्नेलियांकडे वळले. “मी तो प्रश्न विचारायला नको होता. तुम्ही चमचा नेला नाहीत. पुरावा नाही माझ्याकडे, पण मला माहीत आहे. गुरुवारीही माहीत होतं. तरी विचारला. मी मूर्ख माणूस आहे.”

मिस कॉर्नेलिया समोर बघत राहिल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ओपल एक खोकं घेऊन बाहेर आली. “तुमचं झालं का? नसलं झालं तरी टेबल मोकळं करा, मला उद्याची मांडामांड करायची आहे. आणि हे बघा, गेल्या रविवारची उरलेली भांडी. ज्याचं त्याने न्या. दोन वाडगे, एक झाकण, आणि हा चमचा. या चमच्याने जीव खाल्लाय माझा! सहा दिवस झाले, घासते तरी काळा तो काळाच.”

तिने चमचा टेबलावर टाकला. मोठा, वाढण्याचा. पोटाला पार काळा. दांड्याच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे, वर शाईने नाव. चर्चच्या जेवणाला भांडं नेताना आमच्याकडे सगळ्या बायका तशी पट्टी लावतात, नाहीतर आपलं भांडं परत मिळायची आशाच नको.

“बाई, इथे गंभीर काम चाललंय,” थॅड म्हणाला. “तो स्वयंपाकघरातला पत्र्याचा चमचा बाजूला करा.”

“पत्र्याचा?” ओपल म्हणाली. “कर्नल, स्टीलचा चमचा अंड्याने काळा पडतो का कधी? माझ्या सासूचा एक चांदीचा होता, तो असाच पडायचा. हा बटाट्याच्या सॅलडमध्ये होता, अंडी आणि मोहरीवालं. तुम्ही तीनदा वाढून घेतलंत त्यातून, मी बघत होते. चांदीचाच असणार म्हणून तर फेकला नाही. पण नाव लिहिलंय क्लिंगर. फोनच्या पुस्तकात शोधलं, या गावात क्लिंगर म्हणून कोणीच नाही.”

“क्लिंगर?” मिस्टर प्रॅदर म्हणाले. “क्लिंगर माझा जावई.”

मग जे व्हायचं ते झालं. ओपलने नखाने पट्टीचं टोक धरलं आणि सोलली. पट्टीखाली चांदी अगदी पांढरी राहिली होती. एका बाजूला कोरलेली आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला ठोकलेलं नाव, इ. डॅबनी. तिने काम करता करता हे सगळं सोडवलं आणि वर हात पुसले.

सभागृहाच्या भिंतीवरच फोन होता. मिस्टर प्रॅदर यांनी मुलीला लावला. आम्हाला ऐकू येत होतं, कारण लोरीचा आवाज खणखणीत आहे.

“हो बाबा, मीच नेला. सॅलडला मोठा चमचा हवा होता, खणात सापडेना, टेबलावर एक जुना पडला होता तो घेतला. आईने शिकवल्याप्रमाणे पट्टीसुद्धा लावली. मग वाडगा आणला आणि चमचा तिथेच राहिला. एवढं काय झालं? नवा घेऊन देते की. त्या कर्नलने मला विचारलं, चोर पाहिला का. चमचा नेला का असं विचारलं असतं तर सांगितलं असतं!”

थॅड बसला. त्याच्या टोपीवर बसला.

आता सभागृहात एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले. कारण बटाट्याचं सॅलड त्या रविवारी सगळ्यांनीच खाल्लं होतं. मंडळाच्या खजिनदारांनी कबूल केलं की त्यांनी तो चमचा हातात धरला होता. अंधारात नुसत्या स्पर्शाने सोनार ओळखतो म्हणून सांगणारे हे गृहस्थ. “पाठ पाहिली,” ते म्हणाले, “तिथे पट्टी होती. वाचायला काही नव्हतं, म्हणून सोडून दिला.” मग दुसऱ्यानेही तेच सांगितलं. मग तिसऱ्यानेही. सगळे आयुष्यभर चमच्यांच्या पाठी वाचत आलेले. पाठ झाकली तर चमचाच दिसला नाही कोणाला.

“मीसुद्धा,” मिस कॉर्नेलिया म्हणाल्या, तेव्हा सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज कोरडा होता, पण आतून काहीतरी सुटत होतं. “त्याच्यासारखे पाच तेव्हा माझ्या घरात होते. रोज बघायचे मी ते. आणि मी तो उचलला, उलटा केला, पट्टी पाहिली आणि म्हटलं, कोणाचा तरी साधा चमचा. त्यानेच तुमच्या ताटात सॅलड वाढलं, मिस्टर प्रॅदर. तुमचा चमचा मी हातात धरून उभी होते, आणि ओळखला नाही.” आणि त्या हसायला लागल्या. लॅटिनच्या बाई हसतात हे आमच्यापैकी निम्म्या लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग मिस्टर प्रॅदरही हसले, कंबर धरून.

ते चालत त्यांच्यासमोर गेले. गुंडाळी उलगडून टेबलावर ठेवली. पाच चमचे चकचकीत, सहावा खिसा रिकामा. त्यांनी तो काळा चमचा सहाव्या खिशात घातला आणि सगळी गुंडाळी त्यांच्याकडे सरकवली. “हे सगळे तुमचे,” ते म्हणाले. “तेव्हाच द्यायला हवा होता. दिला नाही. कारण दिला असता तर पहिल्या रविवारी मी कुठल्या तोंडाने जेवायला आलो असतो? मला चमच्याचं काही नव्हतं हो. चमच्यांतलं मला आजही फारसं कळत नाही.”

हे मंडळाच्या दहा सभासदांसमोर बोलला तो माणूस. खजिनदारांना ठसका लागला. माझे डोळे भरून आले, आणि पंधरा वर्षं या दोघांना हट्टी म्हटल्याची मला फार लाज वाटली.

मिस कॉर्नेलियांनी त्या सहा चमच्यांकडे पाहिलं. मग सहाव्या खिशातला काळा चमचा काढला, आपल्या रुमालाने पुसला, पुसून काही उपयोग झाला नाही, आणि तो मिस्टर प्रॅदर यांच्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतःच्या हाताने खोचला.

“हा तुमच्याकडेच राहील,” त्या म्हणाल्या. “उद्या एक वाजता घेऊन या. हॅम करते आहे. आणि हे पहिल्या रविवारचं काय ठरलं होतं आपलं, ते मला फार वर्षांपासून पटत नाही.”

“मग कोणता रविवार म्हणता?” मिस्टर प्रॅदर यांनी विचारलं. चेहरा उतरला होता बिचाऱ्यांचा.

“महिन्यात चार असतात, मिस्टर प्रॅदर,” त्या म्हणाल्या. “कधी कधी पाच.”

थॅडने चेपलेल्या टोपीखालून मान वर काढली, मला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, ही दोघं आता कोणत्या गुन्ह्याबद्दल बोलतायत. मी वही मिटली आणि त्याला सांगितलं की गाडी काढते, चल घरी.